मनुबाईच्या बाजूने बोलणारा

मनुबाईच्या तोंडाला लागायचं नाही, हे खाजणवाडीच्या कोळीवाड्यात नव्या सुनेला पहिल्याच दिवशी सांगून ठेवत. बोर्ली पंचतनपासून दोन कोसांवरची ही वाडी, साठ-सत्तर घरांची. तिथे मासळी सुकवणाऱ्या बायकांत मनुबाईचा हात सगळ्यांत चलाख. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी बांबूवर टाकायची, हे काम ती न बघता करायची आणि करता करता समोरच्या बाईच्या सात पिढ्यांचा उद्धारही करायची. अंगाने उंच, हाडापेराने मोठी. मूल नव्हतं. सासू होती तोवर त्यावरून टोचून बोले. सासू गेल्यावर वाडीतल्या बायकांनी ते काम वाटून घेतलं. मनुबाई ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. एकीला दोन ऐकवायची आणि घरी येऊन भांडी आपटायची.

नवरा गुणाजी अगदी उलट. मचव्यावरचा तांडेल, म्हणजे ज्याच्या शब्दावर बाकीचे चार खलाशी उठायचे-बसायचे, पण त्याचा आवाज कधी चढलेला कुणी ऐकला नव्हता. जवळा कुठे लागेल ते तो पाण्याचा रंग बघून सांगायचा आणि बहुतेक वेळा खरं निघायचं. मचव्यात अर्धा वाटा त्याचा, अर्धा धाकटा भाऊ अनंता याचा. भाऊ भावाच्या शब्दाबाहेर नव्हता. तेव्हा तरी नव्हता.

स्वातंत्र्य मिळाल्याला दोन वर्षं झाली असतील, तेव्हा एकदा डोलीचं जाळं ओढताना दोर गुणाजीच्या हाताभोवती वेढला गेला. दोन बोटं गेली आणि तळहातातून आरपार जखम झाली. वाडीतल्या जाणत्याने पाला बांधला, हात खांद्यापर्यंत सुजला, आणि मग मनुबाईनेच नवऱ्याला झोळीत घालून बोर्लीला नेलं. तिथे एका मिशनचा दोन खोल्यांचा दवाखाना होता. गुणाजी तिथे दीड महिना पडून होता.

दवाखान्यात सदाशिवराव नावाचे उपदेशक संध्याकाळी रोग्यांना शास्त्र वाचून दाखवत. माणूस घाटावरचा, नगरकडचा. काटेकोर, टोपी सरळ घालणारा, चुकीचं खपवून न घेणारा. गुणाजी पडल्या पडल्या ऐके, कधी डुलकी घेई. एका गुरुवारी सदाशिवरावांनी येशूच्या स्वर्गारोहणाची गोष्ट सांगितली. मेलेला उठला, चाळीस दिवस आपल्या माणसांत वावरला, जेवला-खाल्ला, आणि मग सगळ्यांच्या देखत, अंगासकट वर घेतला गेला. महिनाभर तोंड न उघडलेल्या गुणाजीने तेव्हा पहिल्यांदा प्रश्न विचारला.

"मास्तर, जाताना हाताची भोकं बुजली होती का?"

सदाशिवरावांनी मान हलवली. नाही, म्हणाले; तीच भोकं दाखवून त्याने आपली ओळख पटवली होती, तेच हात घेऊन तो गेला. देवाला बुजवता आली नसती का, असं गुणाजीने विचारलं. आली असती, पण बुजवली नाहीत, असं उत्तर मिळालं. गुणाजी बराच वेळ आपल्या बांधलेल्या हाताकडे बघत राहिला. मनुबाई तांदळाची भाकरी घेऊन आली, तेव्हा तो तिला म्हणाला, की वर आपल्यासारखा फाटक्या हाताचा माणूस बसलाय. मनुबाई म्हणाली, बसू दे, तुम्ही आधी जेवा.

पण मनुबाईलाही त्या गोष्टीतलं काहीतरी लागलं होतं, आणि ते हातांचं नव्हतं. ते समजायला खाजणवाडीच्या बैठकीची रीत माहीत हवी. जमातीचा काही तंटा असला की देवळासमोरच्या पारावर बाप्ये बसत. पाटील मध्ये, मानकरी त्याच्या उजव्या-डाव्या हाताला. बाईने तिथे बोलायचं नाही. तिचं काही म्हणणं असेल तर तिच्या घरचा बाप्या बैठकीत बसलेला हवा. तो बोलला तर ती बोलली, तो गप्प राहिला तर तिचं काही म्हणणंच नव्हतं. मनुबाईची मासळी सुकवायची जागा एकदा अशीच गेली होती. शेजारणीने बांबू पुढे सरकवले, प्रकरण बैठकीत गेलं, गुणाजी तिच्या बाजूने बोलायला उभा राहिला आणि "जाऊ द्या" म्हणून खाली बसला. मनुबाई लांबून बघत होती. त्या दिवशी तिने त्याला जेवायला वाढलं नाही.

त्यामुळे सदाशिवरावांनी जेव्हा पुढे सांगितलं, की तो वर जाऊन देवाच्या उजव्या हाताला बसला आहे आणि आपल्या माणसांच्या वतीने तिथे बोलतो, तेव्हा मनुबाईचे कान टवकारले. बोलतो म्हणजे खरंच बोलतो ना, तिने विचारलं. आमच्या ह्यांच्यासारखा जाऊ द्या म्हणून खाली तर बसत नाही? सदाशिवरावांना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. तो नेहमीच बोलतो, म्हणाले, तेवढ्यासाठीच तर गेला. इथे राहिला असता तर एका गावाचा झाला असता, तिथे आहे म्हणून सगळ्यांचा आहे. आणि रिकाम्या हाताने गेलेला नाही, आपल्यासारखं हाडामांसाचं अंग घेऊन गेलाय. मनुबाईने ते मनात ठेवलं. असा एक बाप्या आपल्या बाजूने कुठेतरी बसलाय, हे तिला फार आवडलं, आणि आवडलं म्हणायला ती लाजली नाही. एकावन्न साली दोघांनी बाप्तिस्मा घेतला.

वाळीत टाकायला तेव्हा सरकारची कायद्याने बंदी होती. खाजणवाडीने कायदा मोडला नाही हो. वाळीत टाकलं असा शब्द कुणी काढलाच नाही. फक्त लग्नाचं बोलावणं येईना, विहिरीवर मनुबाई आली की बाकीच्या बायकांचे हंडे भरून झालेले असायचे, आणि तिची सावली ओल्या मासळीवर पडली की मासळी बाजूला काढली जायची. पाटील बाळाजी फार गोड बोलायचा. आम्ही कुठे काय केलंय, म्हणायचा. त्यांनीच आपलं घर वेगळं केलं, आम्ही तर वाट बघतोय.

मचवा मात्र चालू राहिला. खलाशांना गुणाजीचा देव नको होता, पण गुणाजीला सापडणारा जवळा हवा होता. नारळी पुनवेला दर्याला नारळ द्यायचा मान तांडेलाचा. तो गुणाजीच्या जागी अनंता देऊ लागला आणि पाच वर्षं असं निभावलं. छप्पन्न साली ऐन पुनवेला अनंता तापाने फणफणला होता. खलाशी किनाऱ्यावर बसून राहिले. तांडेलाच्या हातचा नारळ पडल्याशिवाय मचव्यावर पाय ठेवणार नाही, म्हणाले. त्यांतल्या दोघांचे बाप दर्यानेच नेले होते. गुणाजीने त्यांच्या चेहऱ्यांकडे बघितलं, नारळ घेतला आणि पाण्यात सोडला.

झालं. बातमी आठ दिवसांत बोर्लीला पोचली. सदाशिवरावांनी गुणाजीला बोलावून चार कुटुंबांच्या मंडळीसमोर उभं केलं आणि मूर्तिपूजेची कबुली देऊन क्षमा मागायला सांगितलं. गुणाजी म्हणाला, नारळ मी दर्याला दिला नाही, पोरांच्या भीतीला दिला. पुन्हा वेळ आली तर पुन्हा देईन. सदाशिवरावांनी मंडळीच्या वहीतलं त्याचं नाव सगळ्यांसमोर खोडलं. पश्चात्ताप होईपर्यंत, असं शेजारी लिहिलं. त्यांनाही रात्री जेवण गेलं नाही म्हणतात, पण नाव खोडलं ते खोडलंच.

इकडे बाळाजी पाटलाला वाटलं, नारळ दिला म्हणजे गडी परत आला. त्याने निरोप पाठवला: बैठकीत ये, चुकलो म्हण, शुद्ध करून घेतो. गुणाजीने त्यालाही नाही म्हटलं. येशू माझाच आहे आणि खलाशी पण माझेच आहेत, एवढंच बोलला. म्हणजे आता तो कुणाचाच राहिला नाही. बाळाजीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एवढ्या मायेने बोलावलं आणि हा नाही म्हणतो?

सत्तावन्नचा मे महिना आला. पावसाआधी मचवे किनाऱ्यावर ओढून ठेवायचे असतात आणि ते एका घरचं काम नसतं. पुनवेच्या उधाणाला पाणी वर चढतं, त्यावर मचवा जितका वर आणता येईल तितका आणायचा, खाली गोल ओंडके घालायचे आणि वाडीतल्या तीस-चाळीस बाप्यांनी दोर धरून एका दमात ओढायचा. आज तुझा, उद्या माझा. गुणाजीचा मचवाही दर वर्षी ओढला जाई, कारण अर्धा अनंताचा होता. त्या वर्षी बाळाजीने सगळ्यांना बाजूला घेऊन एक गंमत सुचवली. अर्धा मचवा अनंताचा ना, मग आपण अर्ध्यापर्यंतच ओढायचा.

सगळे हसले. मचवा चढणीच्या मध्यापर्यंत आला, मागच्या बाजूला गुणाजी वाकून ओंडका सरकवत होता, आणि पुढून पस्तीस माणसांनी हसत हसत दोर सोडला. कुणाला मारायचं नव्हतं. चेष्टा होती. मचवा मागे घसरेल, पाण्यात जाईल, ख्रिस्तावाची फजिती होईल, एवढंच डोक्यात होतं. मचवा गुणाजीच्या छातीवरून गेला. दोर अनंताच्याही हातात होता आणि सगळ्यांबरोबर त्यानेही सोडला होता.

गुणाजी नऊ दिवस जगला. श्वास घेताना त्याच्या बरगड्यांचा आवाज यायचा. नवव्या दिवशी, बुधवारी सकाळी, तो मेला.

मरण्याआधी त्याने एक गोष्ट मागितली होती. मला जाळू नका, पुरा, आणि मास्तरांना दोन शब्द बोलायला सांगा. बाकी कुणाचं नाव घेतलं नाही, कुणाला शिव्या दिल्या नाहीत. मनुबाईने त्याच्या वाटणीच्या सगळ्या देऊन टाकल्या. मग ती पाराकडे गेली, कारण पुरायचं तर जागा हवी आणि जागा द्यायची ती जमातीने.

बैठक भरली. मनुबाई जाळ्यांच्या ढिगामागे उभी राहिली, बायका उभ्या राहत तिथे. बाळाजीने रीतीप्रमाणे विचारलं, "मनुबाईच्या बाजूने कोण बोलतो?"

अनंता तिथेच बसला होता, तिसऱ्या रांगेत. तिच्या घरचा म्हणावा असा तोच एक. मनुबाईने त्याच्याकडे टक लावून बघितलं. त्याच्या लेकीचं लग्न बाळाजीच्या पुतण्याशी ठरलं होतं. त्याने मान खाली घातली आणि पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. बाळाजीने दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. कुणी खोकलंसुद्धा नाही. पस्तीस जणांनी दोर सोडला होता, आणि त्यांतला एक जरी बोलला असता तर बाकीच्या चौतिसांना मान वर करावी लागली असती. त्यापेक्षा गप्प बसणं सोपं.

मग बाळाजी स्वतःच बोलला. गोड आवाजात म्हणाला, की गुणाजी आपलाच होता, नारळ देऊन परत आला होता, असं मनुबाईने नुसतं मान हलवून कबूल करावं. सगळी वाडी खांदा देईल, वाजतगाजत नेऊन चंदनाचा तुकडा घालून जाळू. मनुबाईने मान हलवली नाही. तेव्हा बाळाजी म्हणाला, उधाणाचं पाणी जिथे पोचतं त्या रेषेच्या वरची जमीन गावची, ती द्यायची नाही. रेषेच्या खालची कुणाचीच नाही. तिथे हवं तर पूर.

हे ऐकून बैठकीतल्या दोघातिघांनी एकमेकांकडे बघितलं. त्या दिवशी अष्टमी होती, भांगाची भरती. भांगाचं पाणी थोडंच चढतं. रेषेखालची वाळू आठ दिवस कोरडी राहणार होती. पण अवसेला उधाण आलं की तिथली वाळू हातभर उकरली जाते, हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. जागा दिली असंही म्हणता येणार होतं आणि दिलीही नव्हती.

मनुबाईने दुपारच्या ओहोटीला एकटीने खड्डा खणला. शिडाच्या कापडात नवरा गुंडाळला, जमला तेवढा खोल घातला आणि वर दगड रचले. प्रार्थना तिला नीट येत नव्हती. आमच्या बापा म्हणून सुरुवात केली, मधेच विसरली, पुन्हा सुरू केली आणि रागाने तिथेच सोडून दिली.

दुसऱ्या दिवशी ती चालत बोर्लीला गेली. सदाशिवराव ओसरीवर लिहीत बसले होते. पुढच्या गुरुवारी, तीस तारखेला, स्वर्गारोहणाचा सण होता. माणगावला मोठी उपासना होणार होती, आसपासची मंडळी जमणार होती आणि भाषण करायचा मान त्यांना मिळाला होता. गुणाजी गेल्याचं ऐकून त्यांचे डोळे भरले. खोटं नव्हतं ते. पण मनुबाईने पुरायची जागा आणि दोन शब्द मागितले, तेव्हा ते सावरून बसले. नाव वहीतून खोडलेलं आहे, म्हणाले. मंडळीच्या जागेत पुरायचं आणि विधी करायचा तर आधी कबुली हवी होती, क्षमा मागितलेली हवी होती.

"मेल्या मानसानं माफी कशी मागायची, मास्तर?" मनुबाई म्हणाली. "त्येच्या वतीनं बोलणारा वर बसलाय, असं तुमीच सांगितलं होतं ना? तो बोलत असंल तर तुमी कोन अडवनारे?"

ते सदाशिवरावांना लागलं. समोरच्या कागदावर त्यांनी नेमकं तेच लिहिलं होतं. माणगावला मोठे पाळकसाहेब येतील, त्यांना विचारतो, असं ते म्हणाले. नियम मोडायचा अधिकार माझा नाही, त्यांचा आहे. गुरुवारी सण झाला की शुक्रवारी सकाळच्या गाडीने निघून सरळ खाजणवाडीला येतो.

मनुबाईने सांगितलं, रेषेखालच्या वाळूत पुरलाय आणि गुरुवारी उधाण आहे. शुक्रवारी उशीर होईल. सदाशिवराव घाटावरचे. समुद्र त्यांनी आठ वर्षं ओसरीवरून ऐकला होता, पाण्यात पाऊल घातलं नव्हतं. पुरलेला माणूस कुठे पळून जातो, एका दिवसाने काय होतंय, असं ते समजुतीच्या सुरात म्हणाले. मनुबाईने त्यांच्याकडे असं बघितलं, की ते दचकले, पण का दचकलो हे त्यांना कळलं नाही. ती पाणीसुद्धा न पिता उठली.

मग ती रोज किनाऱ्यावर बसू लागली. अनंताच्या दारात दोनदा गेली. पहिल्या वेळी तो मागच्या दाराने निसटला. दुसऱ्या वेळी त्याची बायको पुढे आली आणि म्हणाली, वहिनी, आमच्या पोरीच्या लग्नावर उठू नका. रोज पाणी थोडं थोडं वर सरकत होतं. बायका बांबूंवरची मासळी उतरवता उतरवता बघायच्या, आता किती हात राहिलं, म्हणून आपसात बोलायच्या. एका पोराने तर काठीने वाळूत खुणा करून ठेवल्या होत्या, कुणाचा अंदाज बरोबर ते बघायला. बुधवारी, अवसेला, दुपारी पाणी दगडांना लागलं आणि कडेचे दोन दगड गडगडले. भांगापासून चढत आलेलं पाणी अवसेच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यात वर येतं. उद्या सगळं मोकळं होणार, हे सगळ्यांनाच दिसत होतं.

गुरुवारी सकाळी, लख्ख उजाडल्यावर, पाणी पार खाली गेलेलं असताना मनुबाई फावडं घेऊन आली. तिने दगड काढले आणि नवरा उकरून काढला. आठ दिवसांचं मढं. ते लिहायला नको. तिने पदर नाकाला बांधला नाही, एवढं सांगितलं तरी पुरे. शिडाचं कापड पुन्हा आवळलं, एका फळीवर बांधलं, फळीला दोर लावला आणि खांद्यावर घेऊन ओढत ती वाडीत शिरली.

दारं धडाधड लागली. पोरं ओकली. बाळाजी पाटील धोतराचा सोगा नाकाला लावून वाटेत आडवा आला आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज गोड नव्हता. गावात मढं आणायचं नाही, म्हणाला. मनुबाई थांबलीही नाही.

"रेषेच्या वरचं गावचं म्हनालात," ती म्हणाली. "माज्या उंबऱ्याच्या आत कुनाचं हाय? अडवायचं तर हात लावून अडवा."

हात कोण लावणार? पस्तीस बाप्ये होते, सगळे दांडगे, आणि त्या शिडाच्या कापडाला बोट लावायची एकाची छाती झाली नाही. बाळाजीने अनंताला हाक मारली. अनंता पुढे आला, दोन पावलं आला, मग खाली बसला आणि तोंडावर हात घेऊन रडू लागला. मनुबाईने त्याला वळसा घातला. त्याच्या पायावरून फळी जाऊ नये म्हणून तिने दोर जरा बाजूला घेतला, एवढी दया तिने केली.

ती झोपडीत गेली, आतून कडी घातली आणि चुलीशेजारची जमीन खणायला लागली. दिवसभर फावड्याचा आवाज येत होता. दुपारी उधाण आलं, किनाऱ्यावरचा खड्डा पाण्याने भरला, पोराच्या खुणा वाहून गेल्या, आणि बघायला कुणी आलं नाही. त्याच वेळी माणगावला सदाशिवराव भाषण करत होते. भाषण फार रंगलं असं लोक म्हणाले.

शुक्रवारी दुपारी ते खरोखरच आले. शब्दाचे पक्के. किनाऱ्यावर जाऊन बघतात तो वाळू सपाट, पुसल्यासारखी. दगडसुद्धा नाहीत. तिथे ते टोपी हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले, आणि एक दिवसाने काय होतं ते त्यांना तेव्हा कळलं. बायकांना विचारलं तर कुणी उत्तर देईना. मनुबाईच्या झोपडीत आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

मनुबाईने नीट सारवलेल्या जमिनीवर चटई अंथरली आणि बसा म्हणाली. जमीन अजून ओलसर होती. खोलीत धुपाचा धूर कोंडला होता. तिने कोरा चहा कपात ओतून पुढे ठेवला आणि स्वतः उंबऱ्यात बसली, दार अडवून. सदाशिवराव क्षमा मागू लागले. पाळकसाहेबांशी बोललो, म्हणाले, त्यांनाही वाईट वाटलं. पण नियम आहे, नाव खोडलेल्या माणसावर विधी होत नाही. तुमच्या मनाच्या शांतीसाठी मात्र मी प्रार्थना करू शकतो.

मनुबाई म्हणाली, शांती राहू द्या. काल माणगावला काय सांगितलंत, तेवढं मला सांगा. मी येऊ शकले नाही.

सदाशिवरावांना बरं वाटलं. सांगण्यासारखं काही आपल्याजवळ आहे, एवढाच त्यांना आधार होता. ते सांगू लागले, आणि सांगता सांगता त्यांचा आवाज मोकळा झाला. तो अंग इथे टाकून नुसता जीव घेऊन गेला नाही, म्हणाले. आपलं अंग, दुखणारं, फाटणारं, ते त्याने देवाच्या घरात नेऊन बसवलं, आणि म्हणून देवाच्या घरात माणसाचं अंग आता परकं नाही. जखमा पुसल्या नाहीत, कारण त्या दाखवूनच तो आपल्या वतीने बोलतो. ज्याच्यासाठी इथे कुणी बोलत नाही, त्याच्यासाठी तो बोलतो. आणि तो गेला तो जागा तयार करायला गेला. ज्याला या जगात हातभर जागा कुणी दिली नाही, त्याचीही जागा तिथे राखलेली आहे.

त्यांनी चहाचा घोट घेतला आणि विचारलं, की मनुबाई, गुणाजी शेवटी कुठे गेला? दर्यात?

"न्हाय," मनुबाई म्हणाली. "तुमी बसलाय तिथं हाय. कमरेएवढं खाली."

सदाशिवरावांच्या हातातला कप खाली पडला. त्यांनी एकदम पाय जवळ ओढले, दोन्ही हात जमिनीवर टेकून उठायला लागले आणि ओली माती हाताला लागताच ते हातही त्यांनी उचलले. बाहेर जायला मनुबाईच्या अंगावरूनच जावं लागणार होतं. ती हलली नाही. तिने त्यांच्याकडे बघितलं, रागाने नाही, प्रेमाने तर नाहीच.

"बसा," ती म्हणाली. "आन पहिल्यापासनं सांगा. जरा मोठ्यानं. मघा तुमी माज्याशी बोलत होता, आता त्येला सांगा."

सदाशिवराव खाली बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली.